आज माझा उपवास आहे

मानपाडा, डोंबिवली पूर्व
१२ ऑगस्ट २०२५, अंगारकी

चि. समीक्षा,

मालनताईचे भरपूर आशीर्वाद, आणि सहा महिने फिरकली नाहीस म्हणून एक धपाटा.

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. ह्यांचा फोन ह्यांच्याबरोबर कंपनीत जातो आणि माझा सान्वीच्या मुठीत असतो. अकरावीचे क्लास त्याच्यावर असतात म्हणे. तुला काही लिहावं तर तुझ्याआधी ती वाचणार, आणि आज मला तिच्याबद्दलच लिहायचंय. चोराच्या हाती किल्ली देऊन कसं चालेल? म्हणून बाजारातून येताना पाकीट घेतलं आणि त्यावर ठाण्याचा पत्ता घातला.

काळजीचं काही नाही, कौतुकच आहे. आपली सान्वी देवाधर्माला लागली गं! श्रावणी सोमवार धरले, गुरुवार धरले, आज अंगारकी धरली. चंद्र दिसेपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही नाही. सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालंय. ह्या केशरबाईची नात म्हणजे काय, असं अख्ख्या चाळीला सांगत सुटल्यात. मला आमच्या आईची आठवण येते. तू पाचवीपासून दहावीपर्यंत आमच्याकडेच, मामाच्या घरी होतीस, तू तर डोळ्यांनी पाहिलंयस. सगळ्यांना भात-कालवण वाढायची आणि आपण "आज माझा उपवास आहे" म्हणून उठायची. आठवड्यातले चार-चार दिवस. सान्वी तिच्यावर गेली बघ.

एकच जरा खटकलं. शुक्रवारी नारळी पौर्णिमा झाली. आपण खाडीवरची माणसं, त्या दिवशी नारळीभात खाल्ला नाही असं कधी झालंय? ही म्हणाली, मी शुक्रवारही धरलाय. वाटी तशीच राहिली. मीच मग दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन खाल्ली. श्रावणात सुक्या मासळीचा धंदा बसलेलाच असतो, बसल्या बसल्या तेवढंच काम.

बाकी पोर उंच होतेय. तिचे दोन कुडते शिंप्याकडून आत घेऊन आणले. तू सांगितलंस म्हणून घरातल्या सगळ्यांनी तुझ्या कंपनीचं ते "हलकंफुलकं" चॅनल फोनवर चालू करून बटण दाबलंय. मी काही बघत नाही. माझ्या हाताला बोंबलाचा वास येतो म्हणून सान्वी फोनला हात लावू देत नाही.

तुझी,
मालनताई


ठाणे
२० ऑगस्ट २०२५

ती. मालनताई,

धपाटा पोचला. पाकिटालाही बोंबलाचा वास होता, ऑफिसात उघडलं तेव्हा शेजारची मुलगी नाक मुरडून उठून गेली. मी मात्र दोनदा हुंगलं. खोटं नाही सांगत.

अगं, उपवास करते तर करू दे की! ह्या वयाच्या मुली काय काय करतात ते तुला सांगितलं तर तू रोज देवाला नारळ फोडशील. आमच्याकडे श्रावणाचं एवढं काम आहे की डोकं वर काढायला फुरसत नाही. मी मराठीचं सगळं लिहिते. पाककृती, हलका फराळ, तब्येतीच्या चार गोष्टी. दीड मिनिटाचा व्हिडिओ, पण त्यातलं एक वाक्य असं हवं की बघणाऱ्या पोरीला वाटावं, ही आपलीच मैत्रीण बोलतेय. मला ते जमतं. सर म्हणतात, समीक्षा, तुझ्या वाक्यांना घराचा वास आहे. (बोंबलाचा म्हणत नाहीत हे नशीब.) श्रावणातला माझा एक व्हिडिओ नऊ लाख लोकांनी पाहिला. डोंबिवलीची लोकसंख्या किती असेल गं?

दिवाळीपर्यंत मला कायम करतील असं दिसतंय. तीन वर्षं कंत्राटावर काढली. झालं की पहिले पेढे तुझ्याकडे.

नारळीभाताचं मनावर घेऊ नकोस. पोरगी शिकतेय, चार मैत्रिणींत वावरते, तिलाही छान दिसावंसं वाटत असेल. मामीची आठवण काढलीस आणि मला कसंसंच झालं. असो, ते पुन्हा कधीतरी.

तुझी,
समीक्षा


मानपाडा
२९ सप्टेंबर २०२५

चि. समीक्षा,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

सान्वीची पाळी दोन महिने आली नाही. मला आधी कळलंच नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, पोरीची अडचण नवरात्रात येणार नाही ना, तेव्हा मी बोटं मोजली. आईच्या डोक्यात अशा वेळी काय येतं ते तुला सांगायला नको. मानपाड्यातले सगळे मेडिकलवाले मला ओळखतात, म्हणून पार विठ्ठलवाडीला जाऊन ती तपासायची पट्टी आणली. तोंडाला ओढणी बांधून उभी होते दुकानासमोर. पट्टी पुढे केली तशी सान्वी हसली. "मम्मी, सिरियसली?" म्हणाली. मी तिच्या थोबाडीत मारली. सोळा वर्षांत पहिल्यांदा मारली समे, आणि ती रडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीला टेकली. हात लागला तेव्हा गालाचं हाड लागलं.

पट्टीवर काही निघालं नाही. तरी मी फोन हिसकावून घेतला आणि आवाज बंद करून सगळा पाहिला. मुलगा नाही. कुठ्ठे मुलगा नाही. नुसत्या बायका. कंबर मोजणाऱ्या बायका, मग चीज ओघळणारा बर्गर, मग परत कंबर, मग चकली-चिवडा, मग परत कंबर. एका हाताने जेवायला बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने ताट ओढून घ्यायचं, असला कसला हा फोन? पण मुलगा नव्हता म्हणून मी सुटले. देवीपुढे नाक घासून आले. तिने नऊ दिवसांचे उपवास धरलेत, मीही आता तिच्यासाठी धरलेत.

पण पोर सकाळी उठत नाही गं. केस विंचरले की फणीत गुंता येतो, मूठभर. सुकट भाजायला घेतली की नाकाला रुमाल लावून बाहेर जाते. कॉलेजातलं कोणीतरी म्हणालं म्हणे, तुझ्या डब्याला वास येतो. डबाही नेत नाही मग. मी विचारलं, मग खातेस काय? म्हणे, उपवास आहे ना.

तू एकदा येऊन तिच्याशी बोल. तुझं ऐकते ती. लहानपणापासून समीक्षामावशी म्हणजे तिचा देव आहे.

तुझी,
मालनताई


ठाणे
६ ऑक्टोबर २०२५

ती. मालनताई,

पत्र फाडलं. मारल्याचं मनाला लावून घेऊ नकोस, पण पुन्हा हात उचलू नकोस.

आता मी विचारते त्याची सरळ उत्तरं दे. उपवासाच्या दिवशी ती नेमकं काय खाते? साबुदाणा, वरई, दाणे, दूध यातलं काही पोटात जातं का? वजन केलंयस का? आणि फोनवरच्या त्या बायका कोण होत्या, एखादीचं नाव वाचलंस का?

आणि रक्त तपासून घे. उद्याच. आमच्याकडे वजन उतरवायला जे पैसे भरतात त्यांना दर आठवड्याला डॉक्टरचा फोन येतो, लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, आकडा जरा खाली आला की सगळं लगेच थांबवतात. जे फुकट बघतात त्यांना नुसता व्हिडिओ. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण आज तुला लिहिताना पहिल्यांदाच खटकलं.

मी येणार होते. पण दिवाळीच्या कामाने आणि त्या कायम होण्याच्या भानगडीने पाय अडकलेत. मी बाहेर पडले आणि त्याच दिवशी सरांनी बोलावलं तर? दिवाळी झाली की येतेच. तोवर तिला रागावू नकोस, नुसती समोर बसव आणि चार घास खायला घाल. उपवास आहे म्हणाली तरी.

तुझी,
समीक्षा


कल्याण, सरकारी दवाखाना
१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

समीक्षा,

तुझं पत्र आलं, पण रक्त तपासायला उशीर केला. दवाखान्याचा नंबर लावायचा तर माझा दिवस जातो, आणि दिवाळीच्या तोंडावर बाजार सोडवेना. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत राहिले. मंगळवारी सान्वी कॉलेजच्या जिन्यात पडली. चार पायऱ्या. हनुवटीला टाके आहेत, ते काही नाही. रक्तात हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ निघालं. बारा लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीपासूनच कमी असणार, इकडच्या निम्म्या मुलींचं असतं, त्यात हिने खाणंच सोडलं. वजन चौतीस किलो. शिंप्याकडून कुडते आत घेऊन आणणारी मीच ती शहाणी. पोर उंच होतेय म्हणे!

त्यांनी विचारलं, ही खाते काय? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पोर लय गुणाची हाय गो डॉक्टरीणबाय, एक उपास सोरत नाय." अभिमानाने म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सान्वीचं मनगट उचलून आम्हा दोघींपुढे धरलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात सुकट आहे, बोंबील आहेत, जवळा आहे. अख्ख्या मानपाड्याला मी खाऊ घालते आणि माझ्या पोरीच्या अंगात रक्त नाही. रक्ताची दुसरी बाटली आता चालू आहे. मी बाहेर बाकावर बसून लिहितेय.

तिच्या दप्तरात एक वही सापडली. एका पानावर रेघ मारून दोन भाग केलेत. डावीकडे "सोडायचं", उजवीकडे "घ्यायचं". डावीकडे भात, चपाती, साखर, तेल, असं बरंच काही, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. उजवीकडे बदाम, पनीर, कसली तरी पावडर, आवोकाडो नावाचं काहीतरी, दर महिन्याला रक्ताची तपासणी. त्या सगळ्यावर एक आडवी रेघ आणि खाली लिहिलंय, "हे आपल्याला जमणार नाही." समे, सोडायचं ते सगळं फुकटात होतं. तेवढंच तिला जमलं, म्हणून तेवढंच केलं. आणि मनापासून केलं. पोर माझी अर्धवट काही करत नाही.

पानाच्या वर लाल पेनाने एक वाक्य उतरवलंय. जसंच्या तसं लिहिते:

"घरात आग्रह करतात? मग भांडू नकोस. गोड हसून सांग, आज माझा उपवास आहे. आपल्या घरात देवाच्या नावाने रिकामं राहिलेलं ताट कोणी मोजत नाही."

कोण असेल गं ही बाई? तिला आमचं घर आतून कसं माहीत? आपल्याकडे उपवासाला कोणी आडवं येत नाही, उलट पायाच पडतात, हे तिला कोणी सांगितलं? तू त्याच कामातली आहेस, तुला शोधता येईल. मला तिच्याशी भांडायचं नाही. मला तिला एकदा इथे आणून ह्या खाटेशेजारी बसवायचंय, बस्स.

मालनताई


ठाणे
९ नोव्हेंबर २०२५

ताई,

तीन आठवडे झाले. चार पत्रं लिहिली आणि फाडली. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. भाऊबीजेला आपल्या रवींद्रदादाकडे येणार होते, तेही आजारी आहे म्हणून टाळलं. आजारी नव्हते.

ती बाई मी आहे.

वाक्य माझं आहे. आवाजही माझाच आहे. चेहरा दुसऱ्या मुलीचा असतो, पण बोलते मी. तो नऊ लाखांचा व्हिडिओ म्हणजे हाच. तुझं सप्टेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तरी तुला विचारलं, त्या बायका कोण होत्या. तू माझं नाव घेत नाहीस ना, एवढंच मला बघायचं होतं. लाज वाटते लिहायला, पण आता लपवायचं तरी काय?

तू विचारलंस, तिला आपलं घर आतून कसं माहीत. सांगते. हेही मी तीस वर्षं तुझ्यापासून लपवलं.

मामी उपवास करत नव्हती, ताई. आठवीत असताना एकदा मी पाणी प्यायला उठले. तुम्ही सगळे जेवून पडला होतात. मामी चुलीपाशी बसून कालवणाचं भांडं बोटाने पुसून खात होती. भात उरलाच नव्हता. मला बघून तिने बोट तोंडावर ठेवलं. तेच बोट. म्हणाली, "कोनाला सांगू नको गो. मालनला तर नकोच." त्या वर्षी मामाची होडी बसून होती आणि खाणारी तोंडं सहा होती, त्यातलं एक माझं. माझ्या ताटात भात यावा म्हणून तिला देव आडवा घालावा लागत होता. मी तुला कधीच सांगितलं नाही, कारण तुला आई भाविक होती याचा केवढा अभिमान.

मग जुलैमध्ये सर म्हणाले, पोरी घरच्यांच्या आग्रहापुढे हरतात, काहीतरी युक्ती दे. मला क्षणात मामी आठवली. किती हुशारीचं वाटलं मला ते! मामी जे खोटं बोलून आपल्याला जेवू घालायची, तेच मी पोरींना उपाशी राहायला शिकवलं. टाळ्या पडल्या ऑफिसात.

व्हिडिओ काढून टाकायला लावला. सर आधी तयार नव्हते, मी दवाखान्याचं सांगितलं तेव्हा घाबरून काढला. पण उपयोग नाही. लोकांनी तो उचलून आपापल्या नावाने टाकलाय. काल रात्री बारा ठिकाणी सापडला, सगळीकडे माझा आवाज. प्रत्येकीला लिहिलं, दोघींनी काढला.

दिवाळीला कायम झाल्याचं पत्र मिळालं. त्यात त्या व्हिडिओचा उल्लेख आहे. मी नोकरी सोडलेली नाही. सोडली असं लिहिलं असतं तर तुझ्यापुढे जरा बरी दिसले असते. घराचे हप्ते आहेत आणि माझ्यात तेवढी हिंमत नाही.

सान्वीला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू म्हणशील तेव्हा मी त्या खाटेशेजारी येऊन बसेन. नको म्हणालीस तर नाही येणार.

समीक्षा


मानपाडा
२८ नोव्हेंबर २०२५

समीक्षा,

तुझं पत्र मी बाजारात वाचलं. नंतर टोपली तशीच टाकून घरी आले. मांजरांची चंगळ झाली.

राग आहे. तो जाईल असं वाटत नाही. पण तुझ्यापेक्षा मला आईचा राग जास्त आला आणि मग रडू आलं. चार-चार दिवस ती उपाशी उठायची आणि मी तिच्या पाया पडायचे. पाया पडण्यापेक्षा एकदा भांड्यात बघितलं असतं तर? आणि मग पोरीच्या बाबतीत मी तेच केलं. ताटात बघायच्या ऐवजी कौतुक केलं. तू एक वाक्य लिहिलंस गं, पण घर तर आम्हीच तसं ठेवलं होतं.

सान्वीला मी आठ दिवस काही सांगितलं नाही. मग सांगितलं. ती खिडकीत बसली होती. म्हणाली, "मला माहीत होतं मम्मी. पहिल्याच दिवशी आवाज ओळखला. मावशी बोलतेय म्हणून तर केलं. दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं असतं का?"

नऊ लाखांमधलं तिला फक्त एवढंच ऐकू आलं होतं, की मावशी आपल्याशी बोलतेय.

आता तब्येतीचं सांगते. रक्त नऊवर आलंय. इंजेक्शनं चालू आहेत. पण खात नाही. खायला बसते, घास तोंडाशी नेते आणि तिला रडू येतं. म्हणते, भूक लागते पण भीती वाटते. डॉक्टरीणबाईंनी ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलंय, मनाच्या. पंधरा दिवसांनी नंबर आहे. ह्यांनी फोन कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली, तर तिने अभ्यासासाठी मैत्रिणीचा आणला. कुठे कुठे कुलूप लावणार?

काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. सासूबाईंनी चाळीस वर्षांत एक गुरुवार सोडलेला नाही, तापात फणफणतानाही नाही. घट मांडला, पूजा केली. सान्वी कोपऱ्यातून बघत होती. मला कळलं ती काय म्हणणार आहे. तेवढ्यात सासूबाईंनी भरदुपारी दोन ताटं घेतली, वरणभात वाढला, लिंबू पिळलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. स्वतः पहिला घास घेतला. सान्वी म्हणाली, "आजी, तुझा गुरुवार!" म्हातारी म्हणाली, "देवीला काय सांगाचं तं मी सांगीन. तू जेव गो." देवाला घाबरतात गं त्या, खरंच घाबरतात. सान्वीने तीन घास खाल्ले. चौथा तसाच ठेवला.

ह्या घरात आता उपवास बंद. कोणी म्हणालंच "आज माझा उपवास आहे", तर त्याचं ताट आधी वाढायचं, असं ठरलंय.

नोकरी सोड असं मी सांगणार नाही. तुझं घर कसं चालतं ते मला दिसतंय, मी भरलेल्या पोटाने बोलणारी नाही. माफीही पत्रातून पाठवू नकोस, मला ती ठेवायला जागा नाही. पण ज्या आवाजाने माझी पोर उपाशी राहिली, तो आवाज तिने जेवताना समोर बसून ऐकला पाहिजे. तेवढं तुला करावंच लागेल, आणि एकदा येऊन भागणार नाही. दर रविवारी यायचं, चौथा घास जाईपर्यंत. ती गप्प बसेल, रडेल, कदाचित तुला घालवूनही देईल. तरी पुढच्या रविवारी यायचं.

परवा रविवार आहे, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता ह्यांच्या हाती पाठवतेय. मी जवळ्याचं कालवण करीन, आईसारखं, पण भांडं भरून. सकाळची सात-अठ्ठावीसची लोकल पकड. घरून काही खाऊन निघू नकोस, उपाशी ये.

मालनताई